एचएमटी, पाटल्या आणि एक घड्याळ

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यातली अडखळ तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील करिअरच्या संधी'. मी समोर पाहते आहे तर निम्म्या लोकांच्या नाकावर चष्मा आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी तो खिशात लपवला आहे. या वयात संधी कसल्या सांगायच्या! म्हणून विषय बदलते. गेलं वर्षभर ऑफिसचं काम सोडून मी सगळ्यात जास्त डोकं कशावर खपवलं असेल, तर ते एका मनगटी घड्याळावर. स्टील आणि सोनं एकत्र असलेलं, लहान आकाराचं आणि महागडं. ते माझ्यासाठी नव्हतं, आईसाठी होतं.

आई दुसऱ्या रांगेत बसली आहे. त्यामुळे घड्याळाची किंमत आणि कंपनी मी आज सांगणार नाही. नंतर जेवताना कोणी विचारू नका. विचारलं तर उद्या ती नातवाला मोबाइलवर शोधायला लावेल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझी आई 'सिस्टर' म्हणून माहीत आहे. राजोली, बेंबाळ, चिरोली या बाजूच्या गावांत ती हिंडली आहे. आधी एसटीनं, मग सायकलनं, शेवटची काही वर्षं लुनावर. लहानपणी तुमच्यातल्या कित्येकांच्या दंडात तिनं सुई टोचली आहे. तिच्या हातात एकच वस्तू कायम असायची, एचएमटीचं घड्याळ. नोकरी लागल्यावर 1978 साली घेतलेलं, सोनेरी, चावीचं.

पुण्यात एचएमटी म्हटलं की लोकांना घड्याळ आठवतं. आपल्याकडे एचएमटी म्हटलं की आधी तांदूळ डोळ्यापुढे येतो. माझ्या ऑफिसात हे कोणाला खरं वाटत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास आपल्या बांधीत 'पटेल 3' या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या बाजूला काढल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, आणि त्यातून तो बारीक तांदूळ निघाला. बाजारात आला तेव्हा त्याला नाव नव्हतं. त्या काळात ज्या घड्याळाचा बोलबाला होता, त्याचंच नाव त्याला मिळालं. बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 साली एचएमटीची घड्याळं बनू लागली, आणि वीस-पंचवीस वर्षांत ते नाव आपल्या धानाच्या पोत्यावर येऊन बसलं. घड्याळाचे कारखाने बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला. तांदूळ मात्र अजून पिकतो आहे. आज जेवणात तोच आहे असं आचाऱ्यानं मला सांगितलंय.

दादाजींची आणखी एक गोष्ट माझ्या या घड्याळाच्या शोधात सारखी आठवत होती. शासनाकडून त्यांना सोन्याचं पदक मिळालं होतं. अडचणीच्या काळात ते विकायला नेलं, तेव्हा त्यातलं सोनं भेसळीचं निघालं. वर्तमानपत्रांत तेव्हा खूप आलं होतं. 2018 च्या जूनमध्ये दादाजी गेले. ज्या माणसाच्या तांदळावर आपल्या भागातल्या गिरण्या चालल्या, त्याच्या हातावर ठेवलेलं सोनं सराफाच्या दुकानात खोटं ठरावं, हे माझ्या मनातून जात नाही.

आता आईच्या घड्याळाकडे येते. ते सोनेरी होतं म्हणाले, सोन्याचं नव्हतं. दिवसातून वीस वेळा साबणानं हात धुवायचे, त्यात स्पिरिट, त्यात उन्हाळ्यातला घाम. मी चौथीत असेन तेव्हा पट्टा जिथे अडकतो तिथल्या कडांचा मुलामा गेला आणि खालचं पितळ दिसायला लागलं. मग ते हिरवट पडायचं. आई रांगोळीनं घासायची, त्यामुळे उरलेला मुलामाही जायचा. घड्याळाच्या पाठीवर इंग्रजीत कोरलेलं होतं 'स्टेनलेस स्टील बॅक'. मला लहानपणी वाटायचं की ही मोठी अभिमानाची गोष्ट लिहिली आहे. त्याचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी कळला. पाठ तेवढी स्टीलची, बाकीचं नाही! तुमच्या घरी वडिलांचं जुनं सोनेरी घड्याळ असेल तर उलटं करून बघा.

आईच्या हातात दोन पाटल्याही होत्या, पण त्या फक्त लग्नकार्यात आणि पोळ्याला. ड्यूटीवर नाही. 'तुझ्या लग्नात देईन' असं ती म्हणायची. 1998 साली मी इंजिनिअरिंगला नागपूरला गेले. 2006 मध्ये माझं लग्न ठरलं, तेव्हा तिनं माझ्या हातात नव्या, बारीक बांगड्या ठेवल्या. त्या पाटल्या कुठे आहेत हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आठ वर्षं मला वाटत होतं की त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. मूलच्या बँकेत आमचा लॉकर नव्हताच, हे साधं मला सुचलं नाही.

तर गेल्या वर्षी आईला सत्तरावं लागलं आणि मी ठरवलं की पाटल्या परत करायच्या. तिनं एका वाक्यात मोडीत काढलं. "मले काहून पाटल्या? चोर येईल तर हात कापून नेईल." बाबा गेल्यापासून ती हातात काचेच्या दोन बांगड्या आणि ते घड्याळ यापलीकडे काही घालत नाही. म्हणजे तिच्या अंगावर सोनं जाणार असेल तर एकाच वाटेनं जाईल, घड्याळाच्या. इथून माझा शोध सुरू झाला.

पूर्ण सोन्याचं घड्याळ मी पहिल्या दिवशीच बाद केलं. पाटल्या 22 कॅरेटच्या, म्हणजे हजारात 916 भाग सोनं. घड्याळाचं सोनं साधारण 18 कॅरेटचं, 750 भाग, बाकी चांदी आणि तांबं, कारण त्याहून शुद्ध सोनं रोजच्या वापराला मऊ पडतं. तरीही ते जड असतं आणि पटकन चरे पडतात. नुसतं स्टील घेतलं तर माझा हेतूच संपला. राहिलं स्टील आणि सोनं एकत्र. हे काही नवीन खूळ नाही. रोलेक्सनं या जोडीचं नाव 1933 सालीच नोंदवून ठेवलं, 'रोलेसॉर'. पुढे 1978 मध्ये कार्तियेनं आपलं सांतोस घड्याळ स्टीलच्या पट्ट्यात आणलं आणि पट्ट्यावरचे स्क्रू सोन्याचे केले. श्रीमंतांच्या घड्याळात स्टील मिरवायचं, ही तेव्हा धिटाईच होती. ऐंशीच्या दशकात तर याची लाट आली. आपल्याकडे टायटनची पहिली घड्याळं 1987 ची. पुढे लग्नाच्या आहेरात स्टील-सोनेरी पट्ट्यांची घड्याळं सर्रास दिसू लागली, ती सगळी सोनेरी, मुलाम्याची.

आणि खरी मेख इथेच आहे. दुकानात काचेखाली दहा घड्याळं ठेवली तर दहाही सारखीच पिवळी-पांढरी दिसतात. पण पिवळं म्हणजे काय, हे प्रत्येकात वेगळं. एक प्रकार असतो पीव्हीडीचा. निर्वात कोठीत वाफेच्या रूपानं धातूचा थर बसवतात. तो बऱ्याचदा टायटेनियम नायट्राइडचा असतो, म्हणजे रंग सोन्याचा आणि त्यात सोनं नावालाच किंवा तेही नाही. पण तो थर कडक असतो, हे कबूल केलं पाहिजे. दुसरा आपला जुना मुलामा. चांगल्या जुन्या स्विस घड्याळांवर 10 किंवा 20 मायक्रॉन असं लिहिलेलं सापडतं. आपला एक केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, म्हणजे हिशेब करा. तिसरा प्रकार मला ठाऊकच नव्हता. स्टीलवर सोन्याची टोपी चढवतात. लाँजीन्सच्या माहितीपत्रकात 'कॅप 200' असं लिहितात, ती 200 मायक्रॉनची. ट्यूडरच्या स्टील-सोन्याच्या ब्लॅक बे घड्याळातही पट्ट्याच्या मधल्या कड्यांवर अशीच टोपी आहे. आणि चौथा प्रकार म्हणजे मधली कडी, काचेभोवतीची कड आणि चावी हे भाग आरपार भरीव सोन्याचे. किंमत वाढत जाते ती याच क्रमानं. विक्रेता मात्र चौघांनाही 'टू-टोन' म्हणतो आणि हसतो.

मी पुण्यातल्या एका मोठ्या शोरूममध्ये विचारलं, यात सोनं किती ग्रॅम आहे? समोरचा मुलगा आधी गोंधळला, मग म्हणाला, "मॅडम, हे कोणी विचारत नाही." मी म्हटलं, मी मूलची आहे, आमच्याकडे सोनं ग्रॅमनंच घेतात. त्यानं वरिष्ठांना फोन केला. उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. तुम्हाला सांगते, आपल्या देशात 16 जून 2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, पण त्यात घड्याळांना आणि फाउंटन पेनांना सूट आहे. म्हणजे दागिन्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि लाखांच्या घड्याळाला कंपनीचा शब्द आणि आत कोरलेला 750 आकडा! मी इंजिनिअर आहे, मला हे पचायला जड गेलं.

दुसरी अडचण सेकंदकाट्याची. तुम्ही लक्ष दिलंय का, बायकांच्या महागड्या घड्याळांत सेकंदकाटा बहुतेक नसतोच. तासकाटा, मिनिटकाटा आणि आकड्यांच्या जागी हिरे. बाईनं सेकंद मोजून काय करायचं, असं त्यांना वाटत असावं. आईनं आयुष्यभर सेकंद मोजले. नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेली चालते. पण खोकणाऱ्या पोराचा श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट मोजायचा, पोट वर-खाली होतं ते बघत. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा त्याहून जास्त झाले, एक ते पाच वर्षांच्या पोराचे 40 किंवा त्याहून जास्त झाले, की निमोनिया समजून पुढे पाठवायचं. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, कारण ती घरी येऊन बडबडायची. गल्लीतल्या बाया अजूनही पोर घेऊन आमच्या ओट्यावर येतात. सेकंदकाट्याशिवायचं घड्याळ तिला दिलं असतं तर ते कपाटात गेलं असतं.

या एका अटीवर दुकानातला अर्ध्याहून जास्त माल बाद झाला. मग अट आली पाण्याची. चावी स्क्रूसारखी आवळून बंद होणारी पाहिजे. ती युक्ती 1926 सालची आहे, रोलेक्सच्या ऑयस्टरमध्ये आली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. रोलेक्सच्या कडेवर त्या ज्या खाचा असतात ना, त्याही मुळात कड हत्यारानं फिरवून घट्ट बसवण्यासाठी होत्या, आता त्या शोभेच्या. मग अट आली पट्ट्याची. कोणी सुचवलं की जुनं घे, स्वस्त पडेल. दोन-तीन जुनी पाहिलीही. जुन्या पट्ट्यांच्या मधल्या सोनेरी कड्या पोकळ असायच्या. वीस-पंचवीस वर्षांत सोनं झिजतं आणि सांधे ढिले पडतात. घड्याळ आडवं धरलं की पट्टा भिजल्या दोरीसारखा लोंबतो. तो लोंबता पट्टा बघितला आणि माझं मन उतरलं.

आपल्या ग्रुपवर मी एकदा हे सगळं लिहिलं, तेव्हा एकानं विचारलं होतं, "का बे, येवढ्यात मूलले प्लॉट आला असता ना?" आला असता. मी तेव्हा उत्तर दिलं नाही आणि आजही माझ्याकडे नाही. सिंदेवाहीच्या रस्त्यावर नाही, पण आतल्या बाजूला आला असता. आमच्या सासरच्यांनीही हेच म्हटलं, वेगळ्या शब्दांत. नवऱ्यानं काही म्हटलं नाही, फक्त गाडीचा हप्ता किती राहिलाय ते आठवण करून दिलं. मी तीन महिने थांबले. एकदा बिनसोन्याचं, साधं स्टीलचं घेऊन टाकावं म्हणून दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी मी घेतलं ते भरीव सोन्याच्या कड्यांचंच. पांढरी तबकडी, काळे काटे, मिनिटाच्या रेघेपर्यंत पोचणारा लांब सेकंदकाटा, एकही हिरा नाही.

आईचं मनगट बारीक. पट्ट्याच्या कड्या काढाव्या लागल्या आणि दुकानदारानं त्या एका पुडीत घालून दिल्या. दिवाळीला मूलला आले तेव्हा ती पुडी घेऊन मी आपल्या वर्गातल्या सराफाच्या दुकानात गेले. तो आता तिकडे कोपऱ्यात बसून हसतो आहे. त्यानं पोकळ आहे का ते बघितलं, मधला तुकडा कसोटीवर घासला, आम्ल टाकलं, आणि म्हणाला, "अठराचं आहे. भरीव आहे." शोरूममध्ये न मिळालेलं उत्तर मला मूलच्या बाजारात दोन मिनिटांत मिळालं. पैसेही घेतले नाहीत.

त्याचे वडील तेव्हा गादीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "सिस्टरबाईची पोरगी ना तू? तुझ्या आईच्या पाटल्या मीच मोडल्या." मी विचारलं, किती होत्या? त्यांना तोंडपाठ होतं. चार तोळे. त्या वेळी तोळ्याचा भाव चार हजारांच्या आसपास. म्हणाले, "बाईनं भाव नाही केला. फक्त विचारलं, पैसे आज मिळतील ना? उद्या पोरीची फी भरायची आहे." आज तोळा लाखाच्या वर गेला आहे. मी दुकानातून बाहेर आले आणि गांधी चौकातून घरी जायचं सोडून उलट्या दिशेनं बरंच चालले.

घड्याळात चार तोळे सोनं नाही. तेवढं असणं शक्यही नव्हतं. हे मी आईला सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा ऐकते आहे.

तिला घड्याळ दिलं त्याची गोष्ट सांगते आणि थांबते. तिनं आधी ते उलटं करून पाठ बघितली. मग कानाला लावलं. मग सेकंदकाट्याकडे बघत माझा हात धरला आणि माझी नाडी मोजली. 84. म्हणाली, "जास्त आहे. चहा कमी कर." बस, एवढंच. चावी द्यावी लागत नाही, हाताच्या हालचालीवर चालतं, हे कळल्यावर ती थोडी नाराज झाली. सकाळचा चहा झाला की चावी द्यायची, अशी तिची 47 वर्षांची सवय.

तीन महिन्यांनी मी आले तर ती मागच्या अंगणात राखेनं गंज घासत होती आणि घड्याळ हातातच! मी ओरडलेच. हात धुवून बघितलं तर स्टीलवर बारीक रेघा होत्या आणि मधल्या सोन्याच्या कड्यांवर तर चांगले चरे. मला रडूच यायचं बाकी होतं. एकेका चऱ्याची किंमत मला माहीत होती. आईनं पदरानं घड्याळ पुसलं, उजेडात धरलं, जुन्या एचएमटीकडे बघायची तसं कडांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "घासलं तर घासलं. खाली पितळ तं नाही ना? खालीही सोनंच आहे ना?"

हो, म्हटलं, खालीही सोनंच आहे.

"मंग?" म्हणाली आणि दुसरा गंज घेतला.

त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलेलं नाही. आत्ताही ती ते घालूनच बसली आहे. मधल्या सुट्टीत कोणाला बघायचं असेल तर बघा, पण आधी तुमची नाडी मोजली जाईल.

जुनं एचएमटी तिनं टाकलेलं नाही. सकाळी चहानंतर त्यालाही चावी देते. आज भाषणाला जाताना तिनं ते माझ्या हातात बांधलं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली होती, म्हणजे या घड्याळानं मला सुमारे तीन सेकंदांची सूट मिळाली. सर, त्रैराशिक बरोबर आहे ना?